डाएट चार्ट लिहिण्याआधी: ओपीडीत ऐकायला कसं शिकायचं

“भात मी कमीच खाते हां.” रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या ओपीडीत हे वाक्य रोज कानावर पडतं. त्यावर शिकाऊ डाएटिशियन काय बोलते, यावर पुढची दहा मिनिटं ठरतात. “कमी म्हणजे किती?” असं भुवई उंचावून विचारलं की समोरची बाई लगेच सावध होते आणि तिथून पुढे तुम्हाला जे सांगितलं जातं ते तिच्या ताटातलं नसतं, तुम्हाला आवडेल असं असतं. त्या माहितीवर कितीही अचूक चार्ट बसवला तरी तो पायाच नसलेल्या चिऱ्याच्या भिंतीसारखा.

कॅलरी, एक्स्चेंज लिस्ट (एकाच्या बदली दुसरं काय, किती खाता येईल याची यादी), किडनीच्या पेशंटचं पोटॅशियम हे सगळं पुस्तकातून येतं. ऐकणं पुस्तकातून येत नाही, पण म्हणून तो जन्मजात गुणही नव्हे. गोड स्वभावाची मुलगी चांगली ऐकतेच असं नाही. उलट गोड बोलून उपदेश करणं ही तिची खोड असू शकते. ऐकणं मोजता येतं, त्याचा रियाज करता येतो, आणि इंटर्नशिपच्या महिन्यांइतका चांगला मोका पुन्हा मिळत नाही.

पहिली अडचण: दुरुस्त करण्याची घाई

शिकाऊ माणसाला चूक दिसली की ती सुधारायची खाज सुटते. तीन महिन्यांची सरासरी शुगर (HbA1c) 9.2 टक्के आणि सोबत तीन वाट्या भात म्हटल्यावर तोंडातून “भात कमी करा” निघतंच. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ विल्यम मिलर यांनी 1983 मध्ये दारू सोडवण्याच्या कामातून मोटिव्हेशनल इंटरव्ह्यूइंग ही, बदलाची कारणं पेशंटच्याच तोंडून येऊ देणारी, बोलण्याची पद्धत मांडली, पुढे स्टीफन रोलनिक यांच्यासोबत ती वाढवली. आज मधुमेह, रक्तदाब, वजन अशा सगळीकडे ती वापरतात. तिच्या मुळाशी असलेली गोष्ट आपल्याकडच्या कुठल्याही सासूला-सुनेला पटेल. माणूस दुमनी असतो. ‘करायला हवं’ आणि ‘जमणार नाही’ ही दोन्ही वाक्यं त्याच्याच मनात असतात. तुम्ही पहिलं बोललात की त्याच्या वाट्याला दुसरं येतं. “भात सोडा” म्हटलं की तो “भाताशिवाय पोटच भरत नाही” म्हणणार, आणि स्वतःच्या तोंडून तेच चारदा ऐकून त्याचं मत आणखी पक्कं होणार.

म्हणून पहिला सराव तोंड आवरण्याचा. मैत्रिणीला समोर बसवा, मोबाइलवर दोन मिनिटांचा टायमर लावा. तिने आपल्या खाण्यातली एखादी न सुटणारी सवय सांगायची. तुम्ही एकही प्रश्न विचारायचा नाही, सल्ला द्यायचा नाही, “माझंही असंच होतं” म्हणायचं नाही. फक्त “हं”, मान हलवणं, आणि शेवटी तिने काय सांगितलं ते एका वाक्यात. बहुतेकांना चाळिसाव्या सेकंदालाच प्रश्न सुचतो. तो गिळायचा. ती बोलायची थांबली तरी मनात पाचपर्यंत मोजा. त्या पाच अंकांत ती पुन्हा बोलू लागते, आणि तेव्हा निघतं ते बहुधा पहिल्यापेक्षा खरं असतं.

प्रश्न विचारायचे ते असे

“नाश्ता काय करता?” हा प्रश्न कोकणात बऱ्याच घरांना लागूच पडत नाही. पहाटे चहासोबत खारी-बटर, मग दहा-साडेदहाला पेज, तोंडी लावायला लोणचं किंवा सुक्या मासळीचा तुकडा. ही पेज नाश्त्यात धरायची की जेवणात, हे पेशंटला कळत नाही, मग तो “नाश्ता नाही करत” म्हणून मोकळा होतो आणि एक पूर्ण खाणं तुमच्या कागदावरून गायब होतं. त्यापेक्षा “काल सकाळी उठल्यापासून काय काय पोटात गेलं, सांगत जा” हे बरं.

चोवीस तासांचा आढावा एका दमात घेऊ नका. फेऱ्या करा. पहिल्या फेरीत पेशंट सांगेल ते नुसतं लिहायचं, मध्ये टोकायचं नाही. दुसऱ्या फेरीत विसरलेल्या गोष्टी: मधला चहा, शेजारणीकडचा प्रसाद, येता-जाता तोंडात टाकलेले काजू, ताटात वाढण्याआधी तव्यावरूनच उचललेली तुकडी, सोलकढीचा दुसरा पेला. दारूचं इथेच विचारावं, त्याच सुरात, “आणि घेणं वगैरे असतं का?” असं. तिसऱ्या फेरीत वेळ आणि जागा, चौथ्यात प्रमाण, आणि शेवटी सगळं वाचून दाखवून “यात काही राहिलं का?”

प्रमाण विचारताना पुस्तकातली वाटी बाजूला ठेवा. प्रत्येक घराची वाटी वेगळी. पुढच्या वेळी घरातली वाटी आणि भात वाढायचा डाव पिशवीत घालून आणायला सांगा, पाणी भरून मोजपात्रात ओता आणि मिलिलिटर केस पेपरवर लिहून ठेवा. एकदाच करायचं काम आहे, पण त्यानंतर ‘दोन वाट्या’ला अर्थ येतो. भाताचा अंदाज शिजलेल्यापेक्षा कच्च्या तांदळावरून चांगला लागतो: एका वेळेला किती तांदूळ धुता, कुठल्या मापाने, जेवायला किती जणं, उरतो का, उरलेला कोण खातं? 100 ग्रॅम कच्च्या तांदळातून साधारण 350 किलोकॅलरी मिळतात. भात सैल की मोकळा, उकड्या तांदळाचा की सुरय, यावर ताटातला ढीग बदलतो, धुतलेला तांदूळ बदलत नाही.

तेल, मीठ, खोबरं कुणालाच चमच्यात सांगता येत नाही. महिन्याच्या वाणसामानावरून काढा. चार माणसांच्या घरात महिन्याला तेलाच्या 1 लिटरच्या चार पिशव्या लागत असतील तर माणशी दिवसाला सुमारे 30 ग्रॅम झालं. त्याच घरात 1 किलो मीठ महिन्यात संपत असेल तर माणशी 8 ग्रॅमच्या वर, आणि जागतिक आरोग्य संघटना 5 ग्रॅमच्या आत राहा म्हणते. त्यात लोणचं, पापड आणि खारवलेली मासळी आलेलीच नाही. अर्थात सगळं मीठ पोटात जात नाही, मासळी धुताना जातं तेही त्यातच आहे; आणि गणपतीचा महिना हिशेबाला धरू नका. खोबऱ्यासाठी “एक नारळ किती दिवस पुरतो?” पुरे. “रोज एक कवड (अर्धा नारळ) लागतेच” असं उत्तर आलं की पुढचं गणित तुमचं.

एका दिवसाचा आढावा फसवा असतो, आणि किनारपट्टीवर जास्तच. बुधवारचं ताट आणि गुरुवारचं ताट सारखं नसतं. जून-जुलैत मासेमारी बंद असते, तेव्हा ताज्या बांगड्याच्या जागी सुकट नाहीतर बोंबील येतो आणि मीठ वाढतं. एप्रिल-मेमध्ये आंबा-फणस. श्रावणात मासळीच नाही, संकष्टीला साबुदाणा. रमजानमध्ये दिवसाचं सगळं खाणं रात्रीकडे सरकतं, तेव्हा गोळ्यांच्या वेळा डॉक्टरांशी बोलून आधीच ठरवाव्या लागतात. म्हणून निदान तीन दिवस विचारा: साधा, मासळीचा, उपवासाचा.

‘का’ने सुरू होणारे प्रश्न टाळा. “रात्री गोड का खाल्लंत?” हा चौकशीचा सूर आहे. “त्या रात्री काय झालं होतं?” म्हटलं तर माणूस हकीकत सांगतो, आणि कारण हकिकतीत असतंच.

बोललेलं परत मांडणं

सगळ्यात जास्त वेळ इथे घालवा. इंग्रजी पुस्तकं याला रिफ्लेक्शन म्हणतात: समोरच्याने जे म्हटलं किंवा म्हणता म्हणता राहून गेलं, ते विधानाच्या रूपात त्याच्यासमोर ठेवायचं. प्रश्नात नाही. सूर खाली उतरला पाहिजे. “दुपारी एकट्याच असता.” यात शेवटी “ना?” किंवा “का?” चिकटवलं की माणूस हो-नाही म्हणून थांबतो. खाली उतरलेल्या सुरात तेच म्हटलं तर तो पुढे बोलतो. आरशासमोर दहा वाक्यं अशी म्हणून बघा. पहिली पाच हमखास प्रश्नासारखीच निघतील.

“तुम्हाला असं वाटत आहे की…” ही सुरुवात नको. अनुवादित वाटते, आणि खेड्यातल्या आजींना तर त्यात डॉक्टरी वास येतो. “म्हणजे…” पुरे, कधी तेही नको. पेशंटचा शब्द जसाच्या तसा उचला. ती “जीव नको झालाय” म्हणाली तर “तणाव आहे” असं भाषांतर करू नका. पेशंट मालवणीत बोलत असेल आणि तुम्हाला येत असेल तर खुशाल मालवणीत बोला. येत नसेल तर नक्कल करू नका, ती थट्टा वाटते. तिचा एखादा शब्द आपल्या मराठीत घेतला तरी चालतो.

खालचा संवाद सरावासाठी रचलेला आहे. छप्पन्न वर्षांच्या काकी, मधुमेह, घर गावात.

“डॉक्टर म्हणाले भात बंद. पण भाताशिवाय जेवल्यासारखंच वाटत नाही.”

“अहो काकी, शुगर बघा ना किती वाढलीय! त्यापेक्षा भाकरी खा.”

“हां. बघते.”

संपलं. ‘बघते’, ‘करूया’, ‘हो हो’ हे होकार नव्हेत, हे दार लोटून घेणं आहे. शिवाय भाकरी म्हटल्यावर देशावर ज्वारी आठवते. इथे ती बहुधा तांदळाचीच असते, म्हणजे सल्ला पाळूनही काही बदलणार नाही. आता तेच वाक्य घेऊन दुसरी वाट.

“भात नसला की ताट अपुरं वाटतं.”

“अपुरंच. आणि दुपारी मी एकटी. एकटीसाठी भाकऱ्या कोण थापत बसणार? सकाळचा भात असतोच, वर आमटी ओतली की झालं.”

“म्हणजे भात आवडतो हे खरं, पण एकटीसाठी वेगळं करण्याचा कंटाळा त्याहून मोठा.”

“कंटाळा म्हण हवं तर. मुलगा होता तेव्हा करायचे की मी सगळं. नाचणीच्या पण करायचे.”

“नाचणीची भाकरी हातातली आहे तुमच्या.”

“आहे ना. रात्री करते अजून कधी कधी. रात्री हे असतात जेवायला.”

तीन वाक्यांत काय काय हाती लागलं बघा. अडचण भाताच्या आवडीची कमी आणि दुपारच्या एकटेपणाची जास्त. नाचणीची भाकरी येते, घरात पीठ असतं, रात्री होतेही. हे शेवटचं वाक्य बदलाच्या बाजूचं आहे आणि ते काकींच्या तोंडून आलंय. इथे “मग रात्रीच दोन जास्तीच्या करून ठेवा!” हे जिभेवर येईल. थांबा. “दुपारचं कसं जमवता येईल असं वाटतं तुम्हाला?” असं विचारलं तर तीच युक्ती काकी स्वतः सांगण्याची शक्यता खूप आहे, आणि स्वतःची युक्ती माणूस पाळतो. (नाचणीतही कर्बोदकं भरपूर असतात, तेव्हा किती भाकऱ्या हे नंतर बोलावंच लागेल. गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल तर भात एकदम तोडल्याने शुगर खाली जाऊ शकते. डॉक्टरांना न सांगता मोठा बदल नको.)

आता यातली निसटलेली जागा. “मुलगा होता तेव्हा.” मुलगा मुंबईला नोकरीला गेला असेल, किंवा या जगात नसेल. शिकाऊ मुलीने ते सोडून नाचणी उचलली. चूक म्हणता येणार नाही, पण ते जाणूनबुजून सोडलं की ऐकूच आलं नाही, हा फरक महत्त्वाचा. “आता कुठे असतो तो?” असं पटकन विचारणं धोक्याचं, गेलेला असेल तर प्रश्न थेट जखमेवर बसतो. “आता घरात दोघंच” एवढं विधान करून थांबलं तर काकींना हवं तेवढं त्या सांगतील. डोळे भरले तर नाचणी बाजूला ठेवा. त्या दिवशी चार्ट नाही झाला तरी चालतो.

कौतुकाचंही असंच. “छान! मस्त!” हे शाळेतल्या बाईंचं झालं. “दोन एसट्या बदलून आलात, तेही पावसात” यात तुम्ही काय पाहिलंत ते दिसतं.

माहिती द्यायची वेळ येतेच

ऐकणं म्हणजे गप्प बसून राहणं नव्हे. तुमच्याकडे असलेलं ज्ञान पेशंटला हवंच आहे. क्रम मात्र सांभाळा: विचारा, सांगा, पुन्हा विचारा. किडनीच्या पेशंटला शहाळं नको, हे सांगायचंय समजा. आधी “शहाळ्याबद्दल काय ऐकलंय तुम्ही?” उत्तर बहुधा येईल की थंड असतं, लघवी साफ होते, किडनी धुऊन निघते. ते खोडू नका. “त्यात एक गोष्ट आहे, सांगू का?” परवानगी मिळाली की दोनच वाक्यं: “शहाळ्यात पोटॅशियम भरपूर असतं. तुमची किडनी ते आता बाहेर टाकू शकत नाही, मग ते रक्तात साचून हृदयाचे ठोके बिघडवतं.” मग “हे ऐकून काय वाटतं?” आवारात दहा माड असलेल्या माणसाला हे पचायला वेळ लागतो, तो वेळ द्या.

“समजलं ना?” विचारू नका, उत्तर कायम ‘हो’च असतं. “घरी गेल्यावर वहिनींना कसं सांगाल?” असं विचारा. जे उलटं किंवा अर्धं सांगितलं जाईल ते तुमच्या सांगण्यातलं कच्चं राहिलेलं. एका भेटीत एक बदल, फार तर दोन.

पेशंटची खात्री मोजायची असेल तर शून्य ते दहाची पट्टी वापरतात. वयस्कर माणसांना आणे सोपे जातात: “सोळा आण्यांपैकी किती आणे वाटतं हे जमेल?” “आठ आणे” आलं तर “बाकीचे आठ का नाहीत?” विचारणं साहजिक वाटतं, पण तसं विचारलं की सगळ्या अडचणींची यादी मिळते. “चार आणे का नाही म्हणालात?” हे विचारा. आता तो जमण्याची कारणं सांगेल.

नातेवाईक आणि गाव

पेशंटच्या आधी सून बोलते, किंवा मुलगा मुंबईहून फोनच्या स्पीकरवर. त्यांना गप्प करू नका, क्रम लावा: “आधी आजींकडून ऐकते, मग तुमच्याकडून.” खुर्ची अशी मांडा की पेशंट तुमच्या समोर येईल आणि नातेवाईक बाजूला. सासू म्हणते सून तिखट-तेलकट करते, सून म्हणते सासूच मागतात. यात न्यायाधीश व्हायचं नाही. “दोघींनाही यांची शुगर उतरावी असं वाटतंय” एवढं खरं असेल तर तेवढंच म्हणा. पुरुषाला मधुमेह आणि बोलणी मात्र बायकोला, हे होऊ देऊ नका, त्यालाच विचारा, “ताटात तुम्ही स्वतः काय बदलू शकता?”

गाव लहान आहे. बाजारात पेशंट भेटला तर “शुगर कशी आहे?” नको, “बरे आहात ना?” पुरे. एसटीत मैत्रिणीशी केसची चर्चा नाव न घेताही नको. मागच्या सीटवर त्याच वाडीतलं कोणीतरी असतं.

रियाज कसा मोजायचा

तिघी-तिघींचे गट करा: एक पेशंट, एक डाएटिशियन, एक नुसती बघणारी. पाच मिनिटं, मग अदलाबदल. बघणारीने मत द्यायचं नाही, कागदावर खुणा करायच्या: प्रश्नाला ‘प्र’, परत मांडण्याला ‘म’, सल्ल्याला ‘स’. सुरुवातीला प्र आणि स यांची रांग लागते आणि म एखादाच. मोटिव्हेशनल इंटरव्ह्यूइंगचं प्रशिक्षण तपासताना दर प्रश्नामागे एक रिफ्लेक्शन ही बरी पातळी आणि दोन ही चांगली पातळी धरतात. दोनवर पोचायला महिने लागतात. एकावर आलात तरी पेशंटचं बोलणं वाढलेलं लगेच जाणवतं.

खऱ्या पेशंटसोबतचं रेकॉर्डिंग करायचं तर संस्थेची परवानगी आणि पेशंटची लेखी संमती दोन्ही हवीत, आणि तपासून झालं की फाइल पुसायची. दहा मिनिटांचं बोलणं शब्दन् शब्द उतरवून काढा. कंटाळवाणं काम आहे, पण आपण कितीदा मध्येच तोडलं हे कागदावर दिसतं तसं आठवणीत कधीच दिसत नाही.

बिघडतं ते बहुधा असं: शिकलेलं तंत्र पोपटासारखं वापरलं जातं. पेशंट “गुडघा दुखतो” म्हणतो, तुम्ही “गुडघा दुखतो” म्हणता, तो चमकून बघतो. परत मांडताना अर्धं पाऊल पुढे जावं लागतं: “म्हणून चालणं बंद पडलंय.” चुकलात तर तोच दुरुस्त करेल, त्यातूनही माहितीच मिळते. दुसरं म्हणजे लिहिणं. केस पेपरमध्ये मान घालून ऐकता येत नाही. पहिली तीन मिनिटं पेन खाली.

गर्दीच्या ओपीडीत दहाच मिनिटं असतात आणि पेशंटचा डोळा साडेबाराच्या एसटीवर. तीन मिनिटं ऐकणं, तीन मिनिटं खाण्याचा आढावा, दोन मिनिटं एकच माहिती, शेवटची दोन त्याच्याकडून वदवून घेण्यात. आढावा अपुरा राहिला तर राहू दे, तो पुढच्या भेटीत भरता येतो. ऐकणं कापलं तर पेशंट पुढच्या भेटीला येईलच असं नाही.

आपलं काम कुठे थांबतं

खाऊन मुद्दाम उलटी काढणं, जुलाबाच्या गोळ्या वजनासाठी घेणं, खाण्याच्या भीतीने झपाट्याने उतरलेलं वजन, “आता जगून काय करायचं” असं बोलणं, किंवा घरात मारहाण होत असल्याचा सुगावा. यातलं काहीही कानावर आलं तर डाएट चार्ट बाजूला. ऐका, घाबरून विषय बदलू नका, आणि “कुणाला सांगणार नाही” असं वचन देऊ नका. “तुमच्या मदतीसाठी डॉक्टरांशी बोलावं लागेल” हे आधीच सांगा. त्याच दिवशी, पेशंट आवारात असतानाच, वरिष्ठ डाएटिशियन आणि डॉक्टरांना कळवा. मानसिक आधारासाठी सरकारची टेलि-मानस सेवा 14416 या क्रमांकावर आहे, महिलांसाठी 181. दोन्ही क्रमांक टेबलाच्या काचेखाली असू द्यात.

केस पेपरवर ‘नॉन-कम्प्लायंट’ (सांगितलेलं न पाळणारा) लिहू नका. त्या शब्दातून पुढच्या माणसाला काहीच कळत नाही. पेशंटचं एक वाक्य अवतरणात लिहा: “दुपारी एकटी असते, भाकऱ्या थापायचा कंटाळा.” खाली ठरलेला एक बदल, किती आणे खात्री, आणि तारीख. आठ-दहा दिवसांनी फोन कराल तेव्हा ते वाक्य समोर ठेवा. “पाळलंत का?” नाही, “काकी, दुपारचं कसं चाललंय?” एवढं विचारून पाचपर्यंत मोजा.